उस्तादाकडे फुकट का राबायचं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या पेण-रोह्याकडच्या अनेक मुस्लिम घरांत दोनच वाटा दाखवल्या जातात. मार्क चांगले असतील तर सायन्स, नाहीतर "कुणाच्या तरी हाताखाली काम शीक, मग मामू व्हिसा पाठवतील." कायद्याने १९६१ पासून खुली असलेली तिसरी वाट फारसं कुणी सांगत नाही. ती म्हणजे नोंदणी करून, विद्यावेतन घेऊन केलेली अप्रेंटिसशिप.

शीट मेटल वर्कर हा त्यातला एक ट्रेड. 'पत्रेवाला' म्हटलं की छपरावर पत्रे ठोकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण रासायनिक कारखान्यातले चकाकणारे पाइप आठवा. आत वाफ, भोवती उष्णता रोखणारा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. थरासकट व्यास ३०० मिलिमीटर असेल तर घेर साधारण ९४२ मिलिमीटर. कडेवर कड चढवायला ५० धरले की ९९२ मिलिमीटरचा पत्रा कापायचा. एवढं गणित आपली मुलं शाळेत शिकतात. पाइप वळतो तिथे मात्र सपाट पत्र्यावर तुकडे आखावे लागतात, आणि खरी विद्या तिथेच लागते. धाटावची एमआयडीसी, नागोठणे, डोलवी असा औद्योगिक पट्टा आपल्या दाराशी आहे. तिथे या हाताला काम आहे.

ही विद्या आपल्याकडे उस्तादाकडून शिकतात. त्या परंपरेचा मला आदर आहे. पण दोन-तीन वर्षं चहापाण्यावर राबून मुलाच्या हातात शेवटी कागद काय येतो? काहीच नाही. मग आखातात तो 'हेल्पर' म्हणून जातो आणि दहा वर्षांनीही हेल्परच राहतो. मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्येच मांडलं. माझ्या मते हुनर आपल्याकडे आहे, त्याचा दाखला नाही.

२०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. त्याच नियमांत दरमहा किमान विद्यावेतन दहावी पास मुलाला ६,००० आणि आयटीआय केलेल्याला ७,००० रुपये ठरलं. आयटीआयचा शीट मेटलचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्याला आठवी पास चालतो. धोकादायक उद्योगात अप्रेंटिस व्हायला मात्र वय १८ पूर्ण हवं. म्हणून सोळाव्या वर्षी कारखान्याच्या गेटवर उभं राहण्यापेक्षा आधी आयटीआय करणं शहाणपणाचं.

यात सगळं गोड नाही. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच याची हमी नाही. काही ठिकाणी त्याला स्वस्त मजूर म्हणून वापरतात, ही तक्रारही खोटी नाही. पण त्यावर उपाय दूर राहणं हा नव्हे; हक्क माहीत असणं हा आहे. कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी अप्रेंटिसलाही लागू आहेत, आणि प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. फुकट राबणाऱ्या शागिर्दाचं बोट मशीनमध्ये गेलं, तर तो तिथे शिकत होता हे सिद्ध करणारा कागदसुद्धा नसतो.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलाला पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का? त्यात ट्रेडचं नाव लिहिलं आहे का? पैसे मुलाच्या बँक खात्यात येणार का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर बिनधास्त पाठवा. आणि मुलगी म्हणाली मलाही शिकायचंय, तर तिच्यासाठीही हेच तीन प्रश्न विचारा, चौथा नको.