उडीआधी उतरण बांधा

अमेरिका-कॅनडात हिवाळा आला की घरामागच्या परसात स्नोबोर्डसाठी बर्फाच्या उड्या, म्हणजे उडी घ्यायचे उंचवटे, उभ्या राहतात. याला पोरखेळ म्हणून हिणवण्याचं कारण नाही. 1965 च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्केगनला शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की शेजारीशेजारी जोडल्या, त्यातून ‘स्नर्फर’ आला आणि पुढे स्नोबोर्ड. थेट ऑलिंपिकपर्यंत, 1998 मध्ये नागानोला पोचलेला हा खेळ मुळात घरगुतीच. माझी तक्रार वेगळी आहे. या परसातल्या पार्कांत बोर्डावर पैसा आणि उडीच्या उंचीवर हौस खर्च होते; ज्यावर सगळं उभं राहायचं, तो बर्फ मात्र घाईघाईत लोटून थापला जातो.

ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. एका घनमीटरचं वजन साधारण शंभर किलो. नीट चोपला की तेच चारशे-पाचशेवर जातं. पण नुसत्या वजनाने बर्फ घट्ट होत नाही. फावड्याने खालीवर केल्यावर नाजूक स्फटिक मोडतात, बारीक कण एकमेकांना भिडतात आणि थंडीत काही तासांत त्यांच्यात गोठलेले सांधे तयार होतात. म्हणून वीतभर थर टाकायचा, पायांनी तुडवायचा, फावड्याच्या पाठीने ठोकायचा, मग पुढचा थर. शेवटी दाताळ्याने पृष्ठभाग सारखा करून रात्रभर हात लावायचा नाही. मोठ्या रिसॉर्टमधली यंत्रंही हेच करतात: बर्फ दळतात, दाबतात आणि सकाळपर्यंत सोडून देतात.

एवढी मेहनत कशाला, पाणी ओता की झालं, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे मुरूम चोपताना पाणी मारतात, तो न्याय इथे चालत नाही. भरपूर पाण्याने वर काचेसारखा थर जमतो. त्यावर बोर्डाची कड धरत नाही आणि पडलं तर हाडाला लागतं. मीठ टाकायचं म्हटलं, तर त्याचा उपयोग ओल्या, पाणावलेल्या बर्फातच होतो, तोही थोडाच वेळ. वसंतात हिरवळ जळते ती वेगळीच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: परसात देखरेख नाही, मग रिसॉर्टच बरं. पण व्हेलसारख्या बड्या रिसॉर्टमध्ये ऐन हंगामात एका दिवसाचं तिकीट तीनशे डॉलरच्या वर जातं; तो सल्ला किती घरांना परवडेल? शिवाय धोका फक्त उंचीत नसतो. सपाट जमिनीवर आदळलं तर सगळा धक्का गुडघे आणि कणा झेलतात. उतारावर उतरलं तर वेगाचा मोठा भाग पुढे निघून जातो. त्यामुळे बर्फ कमी असेल तर उडी बुटकी ठेवावी, पण उतरण, म्हणजे उडीनंतर बोर्ड टेकतो तो भाग, लांब, उतरती आणि घट्ट हवीच. सैल उतरणीत बोर्ड रुततो आणि अंग पुढे फेकलं जातं.

पालकांनी उडी किती उंच हे विचारण्याआधी उतरणीवर स्वतः चालून पाहावं. टाच रुतली, तर त्या दिवशी उडी बंद ठेवावी.