प्रायश्चित्त एकाचे, किंमत दुसऱ्याची

१/ नामसाधर्म्यामुळे बँडना नाव बदलावे लागल्याच्या कथा बहुधा गंमत म्हणून सांगितल्या जातात. लंडनमध्ये 'वॉर्सा पॅक्ट' होता, म्हणून १९७८ मध्ये 'वॉर्सा'चा 'जॉय डिव्हिजन' झाला. 'लेडी ए'च्या प्रकरणाला मात्र गंमत म्हणता येणार नाही.

२/ नॅशव्हिल येथे २००६ मध्ये 'लेडी अँटिबेलम' हा कंट्री बँड स्थापन झाला. 'अँटिबेलम' म्हणजे युद्धापूर्वीचा. अमेरिकेत हा शब्द १८६१-६५ च्या यादवी युद्धाआधीच्या दक्षिणेचे चित्र उभे करतो. त्या चित्रातील हवेल्यांचे वैभव गुलामांच्या श्रमावर उभे होते.

३/ २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली. ११ जून रोजी बँडने आपल्या नावातील गुलामगिरीच्या संदर्भाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि 'लेडी ए' हे नाव स्वीकारले.

४/ परंतु सिएटलच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायिका अनिता व्हाइट वीस वर्षांहून अधिक काळ याच नावाने गात होत्या. ज्या समाजाची क्षमा मागायची, त्याच समाजातील एका स्त्रीचे नाव घेऊन हे प्रायश्चित्त पार पडले.

५/ वाटाघाटी फिसकटल्या. व्हाइट यांनी १ कोटी डॉलर मागितले. त्यांतील निम्मी रक्कम दानकार्यासाठी होती. ८ जुलै रोजी बँडनेच टेनेसीच्या संघीय न्यायालयात धाव घेतली. त्याने पैसे मागितले नाहीत, नाव वापरण्याच्या हक्कावर शिक्कामोर्तब मागितले.

६/ बँडचे समर्थक २०११ च्या नोंदणीकडे बोट दाखवतात: तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. पण अमेरिकी कायद्यात नावावरील हक्क मुळात वापरातून निर्माण होतो. नोंदणी त्याला बळकटी देते. शिवाय, हरकतीची मुदत ध्यानात ठेवायला वकील लागतो. तो न परवडणाऱ्या कलावंताच्या मौनाला संमती म्हणणे हा न्याय नव्हे.

७/ याच देशात ब्रिटनच्या 'स्वेड'ला माघार घ्यावी लागली होती. त्या नावाची एक अमेरिकी गायिका आधीच होती, म्हणून नव्वदच्या दशकात तेथे हा बँड 'द लंडन स्वेड' झाला. म्हणजे मोठ्याने नमते घेणे अशक्य नसते.

८/ सप्टेंबर २०२० मध्ये व्हाइट यांनीही दावा दाखल केला. इंटरनेटवर 'लेडी ए' शोधले की आता आपल्याऐवजी तो बँडच समोर येतो, ही त्यांची तक्रार होती. २०२२ मध्ये तडजोड झाली; अटी गोपनीय राहिल्या. बँडचे नाव अजूनही 'लेडी ए'च आहे.

९/ नोंदवहीत सापडते तेवढेच घडले असे मानण्याची खोड इतिहासाच्या अभ्यासकांनाही असते. सिएटलच्या छोट्या मंचांवर वीस वर्षे गायिलेले नाव संघीय ट्रेडमार्क म्हणून नोंदलेले नव्हते, तरीही ते खरे होते. त्याची दखल न घेता मागितलेली क्षमा अपुरीच राहते.