साडेसहाशे शब्दांतला मुलगा
अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांचा ‘कॉमन ॲप’ हा सामायिक अर्ज मुलांकडून एक निबंध मागतो, फार तर ६५० शब्दांचा. शिवाय अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी १० रकाने. हे रकाने भरायचे म्हणून पुण्या-मुंबईतल्या काही घरांत आठवीपासूनच लगबग सुरू होते: सुट्टीत एखाद्या पाड्यावर वह्यावाटप, त्याचे फोटो आणि लगोलग ‘संस्थापक’ ही पदवी. पुढच्या जूनमध्ये पाड्यावरच्या मुलांना वह्या कोण देतं, ते विचारू नये. निबंधही सल्लागाराच्या हाताखालून इतका घोटून निघतो, की सतरा वर्षांचं पोर वसंत व्याख्यानमालेतल्या वक्त्यासारखं बोलू लागतं. आणि घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळणारी, आजीला इन्शुलिन टोचणारी मुलगी म्हणते, ‘माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही.’ अगं, त्या रकान्यांत घरच्या जबाबदाऱ्यांनाही रीतसर जागा आहे! खर्चाच्या धास्तीनेही मागे फिरू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत. निवड झाली तर गरजेइतकी सगळी मदत देतात. सल्लागाराला लाखांत पैसे मोजण्याआधी या विद्यापीठांची संकेतस्थळं स्वतः वाचून काढा.