रिकाम्या बाटलीचं तोंड कोण बंद करणार?

आपल्या घरात रिकामी बाटली म्हणजे कचरा नव्हे. जॅमची बरणी धुऊनपुसून तिच्यात मेतकूट जातं, कोल्ड्रिंकची बाटली फ्रीजमध्ये पाण्याला लागते, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं तोंड कापून झाकण बसवून घेतलं की ज्वारीची सोय झाली. ह्यातून जे उरेल ते भंगारवाल्याकडे. सवय चांगली आहे आणि मी काही ती सोडणार नाही.

पण गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या गल्लीतल्या नेहमीच्या भंगारवाल्याने मला एक प्रश्न विचारला. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या अत्तराची रिकामी बाटली त्याच्या ढिगात टाकली, तर ती उचलून म्हणतो, "वहिनी, हिचं झाकण हाय का? आन् खोकं?" म्हटलं, कशाला रे? तर म्हणे, "झाकण-खोक्यासकट असंल तर भाव येगळा." काच आपण किलोवर घालतो. ही नगावर! अत्तराच्या संपलेल्या बाटलीला खोक्यासकट कोण विकत घेतं आणि कशासाठी, हे कळायला फार हुशारी लागत नाही. तो बिचारा पुढच्याला विकतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. शेवटचा माणूस मात्र ती भरतो.

हे मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितलं आणि एकेकीची पोतडी उघडली. एकीने आठवडी बाजारातून नावाजलेलं खोबरेल घेतलं होतं, बाटली अगदी तीच, पण डोक्याला लावलं तर वास भलताच. दुसरी म्हणाली, स्टँडवर पाण्याची बाटली घेतली, झाकण फिरवलं तर 'कट्' असा आवाजच आला नाही, लोण्यासारखं फिरलं. तिने ती तिथेच परत केली. शाबास! पण गाडी सुटायच्या घाईत किती जणी परत करतात?

पूर्वी आपला विश्वास दुकानदारावर असायचा. तेल सुटं मिळायचं, बाटली आपली, मापटं त्याचं. मग १९९८चा ऑगस्ट आला. दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगावर सूज येणारा ड्रॉप्सी नावाचा आजार पसरला आणि साठाहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी सरकारने खाद्यतेल बंद पॅकमध्ये विकण्याचा आदेश काढला. म्हणजे विश्वास दुकानदाराकडून उठून सीलवर येऊन बसला. आपणही सुटं घेणं कमी केलं, चार पैसे जास्त मोजून 'सीलबंद' घ्यायला लागलो. आणि लबाड लोकही आपल्या मागोमाग आले. मापात मारण्यापेक्षा खऱ्या कंपनीच्या डब्यात दुसरंच काही भरणं जास्त फायद्याचं, कारण तिथे माल हलका असला तरी किंमत मात्र नावाची मिळते. म्हणूनच एकदा वापरलेला पत्र्याचा डबा किंवा प्लॅस्टिकचा कॅन तेल भरायला पुन्हा वापरायचा नाही, असं अन्नसुरक्षेच्या पॅकेजिंग नियमांत लिहिलेलं आहे. नियम आहे खरा, पण डब्याला काही वाचता येत नाही.

मग डबा-बाटलीच अशी का करू नये, की ती दुसऱ्यांदा भरताच येणार नाही?

हा विचार माझा नाही हं, फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोक ह्याच नादाला लागले होते. न भरता येणाऱ्या बाटलीची शेकडो पेटंटं तेव्हा निघाली. कारण तिथे चांगल्या व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीत गुत्तेवाले हलकी दारू ओतायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण जरा विचार करून बघा. बाटली कारखान्यात एकदा भरली गेली पाहिजे, घरी सहज ओतता आली पाहिजे, धार नीट पडली पाहिजे, खर्च पैशांत बसला पाहिजे आणि तरीही आत परत काही जाता कामा नये. शंभर वर्षांहून जास्त काळ डोकी झिजली, तरी शंभर टक्के पक्की बाटली कुणाला साधलेली नाही. पण बऱ्यापैकी चांगली साधली आहे.

ती कशी चालते हे समजायला आपल्याला गोटी सोडा आठवला तरी पुरे. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२च्या सुमारास ती बाटली पेटंट केली. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोटी वर येऊन तोंडाला घट्ट बसते, अंगठ्याने दाबली की 'फट्ट' होऊन खाली जाते. ती बाटली पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच होती. आता तीच गोटी उलट्या कामाला लावायची. बाटली भरल्यावर तिच्या मानेत प्लॅस्टिकचं बूच दाबून बसवतात, ते काच फोडल्याशिवाय सहसा निघत नाही. त्यात एक छोटी गोळी असते. बाटली तिरकी केली की गोळी घरंगळून बाजूला होते आणि द्रव बाहेर येतो. बाहेरून कुणी ओतायला गेलं की गोळी खाली बसून वाट बंद करते. किती साधं! अशी झाकणं करणाऱ्या एका मोठ्या इटालियन कंपनीचा कारखाना आपल्या शेजारी गोव्यातही आहे.

आता ही गोळी आपल्याकडे बघायला मिळते कुठे? महागड्या दारूच्या बाटलीत! मी व्यसनमुक्तीचं काम करते, रिकाम्या बाटल्या पुष्कळ पाहते, म्हणून सांगते. दारूच्या बाटलीला आत गोळीचं कुलूप, वर तुटणारी कडी, त्यावर आणखी सरकारी पट्टी. आणि ज्यावर घरातल्या लेकराबाळांचं पोट चालतं त्या तेलाला साधं फिरकीचं झाकण. असं का? कारण दारू नकली निघाली तर कंपनीचं नाव जातं आणि सरकारचा महसूल बुडतो. दोघंही जागे राहतात. तेल नकली निघालं तर आपला रस्सा बिघडतो आणि आपण म्हणतो, "जाऊ दे बाई, पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून घेऊ." कुलूप कुठे लागतं, तर नुकसान झाल्यावर ओरडणारा जिथे मोठा आहे तिथे.

स्पेनचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. तिथे ऑलिव्ह तेल म्हणजे आपल्याकडचं शेंगदाण्याचं तेल समजा, प्रत्येक टेबलावर हवंच. हॉटेलवाले चांगल्या नावाच्या बाटलीत स्वस्तातलं तेल भरून ठेवायचे. २०१४पासून तिथे कायदाच झाला, की हॉटेलच्या टेबलावर ऑलिव्ह तेलाची बाटली लेबल असलेली आणि पुन्हा न भरता येणारीच हवी. त्याआधी २०१३मध्ये साऱ्या युरोपसाठी असा नियम आणायचा घाट घातला होता, पण 'आमच्या टेबलावरच्या बाटलीत सरकारने कशाला नाक खुपसायचं' म्हणून इतका ओरडा झाला, की तो मागे घ्यावा लागला. स्पेन मात्र मागे हटला नाही. कुणी केलं तर होतं, एवढंच मला ह्यातून दिसतं.

तेल, अत्तर, खोबरेल ह्यांत पैसे जातात. औषधात जीव जातो, आणि तिथे तर मन सुन्न होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडची दुसरी लाट चढलेली असताना, बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिविरच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत पॅरासिटामॉलचं पाणी भरून ती विकत होते. आठवतात ना ते दिवस? लोक दागिने मोडून त्या एका इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते. मार्च २०२४मध्ये दिल्लीत तसंच उघडकीला आलं, ह्या वेळी कॅन्सरच्या औषधांचं. एकेक कुपी लाखाच्या घरातली. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे दवाखान्यांतल्याच काही माणसांकडून रिकाम्या कुप्या सुमारे पाच-पाच हजारांना घेतल्या जात आणि त्यांत बुरशीवरचं औषध भरलं जाई. एका रोग्याच्या सलाइनला लागून संपलेली कुपी, दुसऱ्या रोग्याच्या नशिबी पुन्हा भरून येते! त्या दुसऱ्याच्या बायकोने मंगळसूत्र गहाण टाकून पैसे भरलेले असतात, आणि गुण आला नाही की तिला वाटतं, आपलंच नशीब फुटकं.

ऑगस्ट २०२३पासून तीनशे खपाच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं आहे. मोबाइल धरला की औषधाची माहिती दिसते. चांगलंच आहे, कोड असेल तिथे जरूर बघा. पण गोम अशी, की रिकाम्या खऱ्या पॅकवरचा कोडही खराच असतो. आत काय आहे हे त्या कोडला कुठे कळतं? कोड लेबलाची साक्ष देतो, औषधाची नाही.

ह्यावर काही लोक सोपा उपाय सांगतात, वापरलेली प्रत्येक बाटली चिरडून टाका. पाण्याच्या बाटल्यांवरही तसं छापलेलं असतं. पाण्याची आणि औषधाची बाटली चिरडावीच, त्याबद्दल वाद नाही. पण सरसकट सगळ्याच बाटल्या फोडायच्या म्हटलं, तर त्या काचेवर जगणाऱ्या बायकांचं काय? पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत'. अख्ख्या बाटलीला भाव मिळतो, फुटक्या काचेला तेवढा मिळत नाही आणि वर हात कापतो. आमच्या गावात सकाळी पोतं घेऊन फिरणाऱ्या मावशींच्या बोटांच्या चिरा मी पाहिल्या आहेत. शिवाय दर वेळी नवी बाटली करायची म्हणजे भट्टीला जळण आलंच.

आणि पुन्हा भरणं हे काही मुळात पाप नाही. गॅसचा सिलिंडर वर्षानुवर्षं पुन्हाच भरला जातो की! पण तो कंपनीच्या मालकीचा असतो, आपण अनामत भरलेली असते, तो कंपनीकडेच परत जातो, रिकाम्याचं वजन त्याच्या अंगावर कोरलेलं असतं आणि गॅस १४.२ किलो हवा हे आपल्याला पाठ असतं. सील बघून, वजन करून घ्यायचा आपल्याला हक्क आहे. मुंबईत लहानपण गेलेल्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. बाटली परत जायची, पुन्हा भरून यायची, पण वरचं पातळ पत्र्याचं झाकण एकदा अंगठ्याने दाबलं की खलास. पुन्हा बसवलं तर सुरकुत्या लपत नसत. बाटली जगायची, झाकण मरायचं.

माझं म्हणणं नेमकं तेच आहे. बाटली मारू नका, तिचं तोंड पक्कं करा. तेलाच्या बाटलीत आणि कॅनमध्ये गोळीचं बूच बसवा, जे कंपनीने परत नेल्यावरच काढता येईल. झाकणाखालची कडी अशी असू दे, की तुटलेली आहे हे चष्मा नसलेल्या आजीलाही हाताला कळेल. लेबल ओढलं तर फाटूनच निघेल असं लावा. ह्यासाठी बाटलीमागे थोडे पैसे जास्त पडतील, मान्य. पण ते कंपनीने जाहिरातीतल्या नटीच्या पैशातून काढावेत, ह्यावर आमच्या गटात कुणाचंही दुमत झालं नाही! कायदा झाल्याशिवाय हे आपणहून कुणी करील, असं मला वाटत नाही. सध्या फसलात तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बाटली, झाकण आणि बिल टाकू नका, तेच पुरावे.

इंजेक्शनच्या कुप्यांना गोळीचं बूच बसत नाही. तिथे रबरातून सुई जाते. तिथे काम माणसांनीच करायचं आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे दवाखान्याने काचेच्या रिकाम्या कुप्या निळ्या खुणेच्या बंद डब्यात टाकायच्या असतात. त्या डब्यात किती पोचतात आणि वाटेत किती गळतात, हे कोण मोजतं? म्हणून गेल्या महिन्यात आम्ही चौघी जणी गावातल्या तीन खासगी दवाखान्यांत जाऊन विचारून आलो. एका ठिकाणी "तुम्हाला काय करायचंय?" असं ऐकून घेतलं. दुसरीकडे साहेब नव्हते. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र बसवून चहा दिला, सिस्टरना बोलावलं आणि ठरवलं, की महागडी कुपी उघडली की लगेच, नातेवाइकांच्या समोर, काळ्या मार्करने लेबलावर फुली मारायची आणि रोग्याचा नंबर लिहायचा. मार्करचं पहिलं पाकीट आमच्या गटाने दिलं. सिस्टर म्हणाल्या, "काकू, महिन्याला दोन तरी लागतील," तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येकीकडून पाच-पाच रुपये गोळा करायचे आहेत.