लग्न चालतं, शिकणं चालत नाही

आधी नेहमीचा खुलासा: आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे!

तर झालं असं. आमची पुतणी पुण्यात ४ वर्षं २ महिने नोकरीला होती. २०२४ साली नोकरी सोडून एम.एस्सी.ला गेली आणि फीसाठी पीएफ काढला. १,८०,००० मधले १८,००० आधीच कापलेले. तिचा फोन आला, "काका, पैसे तं माहेच व्हते ना? मंग दंड काहाचा?"

जाणकार म्हणतील, हा दंड नव्हे, टीडीएस आहे. मान्य. पाच वर्षं सलग नोकरी होण्याआधी ५०,००० किंवा जास्त रक्कम काढली की १० टक्के कापतात. पुतणीचं एकूण उत्पन्न कमी, म्हणून रिटर्न भरल्यावर पैसे परत आले. पण कधी? पुढच्या वर्षी! फीची तारीख काही थांबली नाही. भावाने हातउसने घेऊन भरली. आणि ज्याचं उत्पन्न जास्त, त्याला परतही मिळत नाही. मालकाचा वाटा आणि व्याज करपात्र होतं, वर आपल्या हप्त्यावर ८० सी खाली घेतलेली सवलतही काढून घेतात.

पाच वर्षांच्या अटीला अपवाद आहेत. आजारपण, कंपनी बंद पडणं, कामगाराच्या हाताबाहेरचं कारण. शिक्षण त्यात नाही. का, तर ते स्वखुशीने!

पैसे काढायचे नियम तर वाचाच. १९५२ च्या योजनेत सात वर्षांनी स्वतःच्या लग्नासाठी उचल मिळे, भावाबहिणीच्या लग्नासाठी मिळे, मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मिळे. स्वतःच्या शिक्षणाचं नाव नाही. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला दोन महिने थांबण्याचीही गरज नव्हती. कॉलेजला जाणारीने मात्र थांबायचं!

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने शिक्षणासाठी दहा वेळा पैसे काढू देण्याचं ठरवलं. छान. पण त्याच बैठकीत नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली. कराच्या अपवादांत शिक्षण आलंच नाही.

अमेरिकेत ५९½ वर्षांआधी निवृत्तीचे पैसे काढले तर १० टक्के जादा कर लागतो. पण आयआरए खात्यातून स्वतःच्या उच्च शिक्षणाला काढले, तर तो जादा कर माफ. नेहमीचा आयकर तेवढा लागतो. एवढं आपल्याला का जमू नये? प्रवेशाचं पत्र दाखवा, टीडीएस नाही. बस्स.

"म्हातारपणाचा पैसा मोडू नये," असं दादा म्हणतो. खरंय. म्हणून भाचे-पुतण्यांनो, जमलं तर काढूच नका. पुढच्या नोकरीत खातं बदली केलं की जुनी वर्षंही धरतात. काढायचेच असतील तर पगार नसलेल्या आर्थिक वर्षात काढा, आणि रिटर्न नक्की भरा.

पण आमच्याकडे बरीच पोरं आधी घराला हातभार लावतात आणि मग शिकतात. त्यांना हौशी समजणारा नियम चुकलेला आहे, एवढंच म्हणणं. असो.