सॉफ्टवेअर प्रत्येक शाळेत चालले पाहिजे

शैक्षणिक सॉफ्टवेअर नुसते चांगले असून भागत नाही, ते शाळेतल्या संगणकावर चाललेही पाहिजे. एका शाळेत विंडोज असते, तर दुसरीकडे उबंटू. विंडोजची ईएक्सई फाईल उबंटूवर कितीही क्लिक केली तरी थेट चालत नाही. कारण दोन्हींची प्रोग्राम चालवायची पद्धतच वेगळी आहे.

लिनक्समध्ये पॅकेजची सोय जुनी आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या 'डेब' पॅकेजमध्ये प्रोग्रामसोबत आणखी काय काय लागते याची यादी असते. 'एप्ट' ही आज्ञा ती यादी वाचून सगळे इंटरनेटवरून आणते. छानच! पण जिथे नेटच नाही तिथे काय करायचे? तिथे अ‍ॅपइमेज बरी. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी एकाच फाईलमध्ये असतात. पेनड्राईव्हवर न्या, चालवण्याची परवानगी द्या आणि उघडा. फाईल मोठी होते हे खरे, पण मुलांचा तास वाया जात नाही.

लहान मुलांसाठीचे मोफत 'जीकॉम्प्री' विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींसाठी मिळते. मग बाकीच्यांना का जमू नये?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडताना दोन प्रश्न आधी विचारा. लिनक्सवर चालते का? नेटशिवाय इन्स्टॉल होते का? आपण विचारले नाही, तर बनवणारे ईएक्सईवरच थांबतील आणि उबंटूवाल्या शाळेतली मुले नुसती पडद्याकडे बघत बसतील.