ऑप्शन चेन आणि वरचा तो ड्रॉपडाउन

परवा रविवारी मावसभाऊ घरी आला. नुकताच नोकरीला लागलाय, हिंजवडीत. चहा व्हायच्या आत मोबाईल पुढे केला. "दादा, ही ऑप्शन चेन वाचायला शिकव ना. तुला येते म्हणे."

येते म्हणजे काय, टेबल वाचता येतं. मधे स्ट्राइक प्राइस, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. प्रत्येक ओळीत शेवटचा भाव, बिड, आस्क, व्हॉल्यूम, ओपन इंटरेस्ट, आयव्ही. आपल्या जातकुळीच्या माणसाला असं टेबल दिसलं की हात शिवशिवतात. मी तर एकेकाळी दर पाच मिनिटांनी चेन उतरवून घेणारी स्क्रिप्ट लिहिली होती (हसू नका). एवढा डेटा आहे म्हणजे त्यात उत्तर असणारच, असं वाटायचं.

भावाला कोणीतरी सांगितलं होतं की पुटचा ओपन इंटरेस्ट सगळ्यात जास्त तिथे 'सपोर्ट', कॉलचा जास्त तिथे 'रेझिस्टन्स'. अरे, पण प्रत्येक उघड्या सौद्याला विकणारा आहे तसा घेणाराही आहे! कोणी स्वतःच्या शेअर्सचा विमा उतरवलाय आणि कोण नुसता जुगार खेळतोय, ते त्या आकड्यात कुठे दिसतं?

मग त्याला माझी गोष्ट सांगितली. 3 जून 2024, सोमवार. एक्झिट पोल येऊन गेलेले, निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त वर, 23,264 वर बंद. मी चेन बघितली आणि 23,300 चे कॉल घेतले, दोन लॉट. 16,000 रुपये. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडून 21,884 वर आला. माझे कॉल कवडीमोल.

पण खरी गंमत पुढेच आहे. शुक्रवारी, 7 जूनला, निफ्टी परत 23,290! निफ्टीचा साधा इंडेक्स फंड घेऊन गप्प बसलेल्या माणसाला आठवड्यात काही घडलंय याचा पत्ताही लागला नसता. माझा ऑप्शन मात्र गुरुवारीच संपला होता. (तेव्हा साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी असायची, सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली.)

म्हणजे मी स्ट्राइक निवडताना अर्धा तास घालवला आणि एक्स्पायरी निवडलीच नाही. ती वर एका छोट्याशा ड्रॉपडाउनमध्ये असते, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात जवळची तारीख आपोआप उघडते. डिफॉल्ट काय ठेवायचं हासुद्धा एक निर्णयच असतो, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. जवळचा ऑप्शन स्वस्त दिसतो, नवा माणूस तोच उचलतो. माझ्या हातात असतं तर मी तारीख निवडल्याशिवाय टेबल उघडूच दिलं नसतं, आणि प्रत्येक कॉलशेजारी 'ना नफा ना तोटा' व्हायला निफ्टी कुठे जायला हवा तो आकडा ठळक छापला असता. स्ट्राइक अधिक प्रीमियम, एवढीच तर बेरीज आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 1 कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. या सगळ्यांना टेबल वाचता येत नव्हतं, असं मला वाटत नाही.

असो. भावाला म्हटलं, तुला हवा तो स्ट्राइक धर आणि तारीख एक महिना पुढची कर.

"दादा, हा तर कितीतरी महाग आहे!"

"मग? दिवस विकत घेतोयस ना."

थोडा वेळ तो तारखा मागेपुढे करत बसला. मग हळूच म्हणाला, "बुलेटसाठी साठवलेत त्यातून एकच लॉट घेऊन बघू?" म्हटलं, मंगळवारपर्यंत तो लॉट वहीत लिहून ठेव, रोजचा भाव मांड. चिडलाय थोडा. चहा अर्धाच पिऊन गेला. मंगळवारी साडेतीननंतर फोन करतो म्हणालाय, बघू.